गोंदियाला न उतरलेला खेळ

एक प्रश्न विचारतो. गूगल न करता उत्तर द्या. स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक विश्वविजेता कोण?

हॉकीची सुवर्णपदकं बाजूला ठेवा, ती संघाची. खाशाबा जाधवांचं १९५२चं हेलसिंकीचं पदक कांस्य होतं. मिल्खा सिंग यांनी १९५८ साली कार्डिफला सुवर्ण जिंकलं, पण ती राष्ट्रकुल स्पर्धा होती. गामा पैलवानाचं नाव घ्याल, तर तो काळ इंग्रजांचा. मग उरतं एक नाव, जे माझ्या ऑफिसातल्या तीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकालाही आलं नाही: विल्सन जोन्स. जन्म २ मे १९२२, पुणे. शाळा बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स, म्हणजे अस्सल कॅम्पातला मुलगा. खेळ बिलियर्ड्स. आणि वर्ष तेच, १९५८. मिल्खा सिंगवर सिनेमा निघाला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. जोन्सच्या नावाचा एखादा चौक कुठे असेल तर तो माझ्या अजून पाहण्यात नाही, आणि मी पुण्यातच राहतो.

मी मूळचा कामठ्याचा. कामठीचा नव्हे. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. कामठी नागपूरजवळची, इंग्रजांची जुनी छावणी. आमचं कामठा गोंदियाजवळचं, धानाच्या बांध्यांचं आणि लहरी बाबांच्या आश्रमाचं. आमच्या गावात खेळ म्हणजे कबड्डी, क्रिकेट आणि बोरिक पावडर उडवत चालणारा कॅरम. स्नूकरचं टेबल मी पहिल्यांदा पाहिलं ते इंजिनीअरिंगला आल्यावर. त्यामुळे या खेळाचा इतिहास वाचायला घेतल्यावर पहिल्याच पानावर जे दिसलं, त्याने मी थबकलो. स्नूकर जन्मलं जबलपुरात, १८७५ साली.

जबलपूर म्हणजे आमचं शेजारचंच. रेल्वेने गेलात तर गोंदियाहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आणि १८७५ साली तर ते परकं राज्यही नव्हतं. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला, त्याची राजधानी नागपूर. आमचं कामठा तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा, नागपूर, जबलपूर हे सगळे एकाच प्रांतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. म्हणजे ज्या खेळाला जग अस्सल इंग्लिश समजतं, तो आमच्याच प्रांतात, आमच्याच पावसात जन्मला.

पावसाचा संबंध आहे. छावणीतल्या तरुण अधिकाऱ्यांना पावसाळ्यात करायला काही नसायचं. मेसमध्ये बिलियर्ड्सचं टेबल असायचं आणि त्यावर पैसे लावून पूलचे वेगवेगळे प्रकार चालायचे. एका प्रकारात पंधरा लाल चेंडू असायचे, दुसऱ्यात काळा. डेव्हनशायर रेजिमेंटमधल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने या प्रकारांची भेळ केली: पंधरा लाल, आणि जोडीला काही रंगीत. (हा पंतप्रधान चेंबरलेन नव्हे. कामठा-कामठीसारखंच हे.) नावाची गोष्टही गमतीची आहे. वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवख्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणायचे. आपल्याकडे हॉस्टेलवर ‘फच्चा’ म्हणतात, तसंच. एका सहकाऱ्याचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेन म्हणाला की हा पक्का स्नूकर आहे. मग त्यानेच सावरून घेतलं की या नव्या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. नाव चिकटलं.

पुढे चेंबरलेनची बदली उटीला झाली आणि तिथल्या क्लबात या खेळाचे नियम पक्के झाले. १८८५ साली इंग्लंडचा बिलियर्ड्स चँपियन जॉन रॉबर्ट्स कोलकात्यात आला असताना चेंबरलेनला भेटला, नियम समजून घेतले आणि खेळ मायदेशी नेला. जन्मस्थळाबद्दल नंतर इंग्लंडात वाद झाले. चेंबरलेनला वयाच्या ऐंशीनंतर, १९३८ साली, एका नियतकालिकाला पत्र लिहून सांगावं लागलं की बाबांनो, हे मी केलं, जबलपुरात केलं.

इथे मला एक गोष्ट खटकत राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून जबलपूरपर्यंत नॅरोगेज टाकली. त्या छोट्या गाडीने सातपुड्याचं लाकूड आलं, माणसं आली. हा खेळ मात्र गोंदियाला उतरला नाही. तो जहाजाने लंडनला गेला आणि तिथून परत आला तेव्हा मुंबई-कोलकात्याच्या क्लबांत, ब्लेझर घालून. कारण उघड आहे आणि ते टेबलात दडलंय. पूर्ण मापाचं टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. वरच्या हिरव्या बनातीखाली लाकूड नसतं, दगडाच्या घासून सपाट केलेल्या लाद्या असतात. सगळं मिळून वजन टनापेक्षा जास्त. त्याभोवती फिरायला आणि क्यू मागे खेचायला जागा हवी, म्हणजे खोली हॉलएवढी. चेंडू तेव्हा हस्तिदंताचे. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघायचे आणि दमट हवेत तेही फुगायचे. कॅरम बोर्ड सायकलच्या कॅरियरवर बांधून आणता येतो. इथे आधी इमारत लागते, मग खेळ.

म्हणून भारतात बिलियर्ड्स-स्नूकर राहिलं ते तीन ठिकाणी: लष्करी मेस, क्लब-जिमखाने आणि रेल्वेच्या मोठ्या वसाहतींमधली इन्स्टिट्यूट्स. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी भारतीय माणूस बऱ्याच काळापर्यंत आत असायचा तो मार्कर म्हणून. मार्कर म्हणजे टेबल ब्रशने झाडणारा, बनातीला इस्त्री करणारा, स्कोअर पुकारणारा, आणि साहेबाला पार्टनर नसेल तर त्याच्याशी खेळणारा. आणि बहुतेक वेळा साहेबापेक्षा चांगला खेळणारा. या खेळाचा भारतातला खरा शिक्षक तोच. कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा, हातात पहिल्यांदा क्यू नीट कोणी धरवला. मार्करनेच. त्यांची नावं ट्रॉफ्यांवर कोरलेली नाहीत.

राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धा १९३१ साली सुरू झाली. जोन्स तिच्यात पोचला तो युद्धाच्या काळात लष्करात नोकरी करून आलेला, खिशाने साधा असा अँग्लो-इंडियन तरुण म्हणून. १९५० साली तो पहिल्यांदा बिलियर्ड्सचा राष्ट्रीय विजेता झाला. पुढे हे विजेतेपद त्याने एकूण बारा वेळा मिळवलं, स्नूकरचं पाच वेळा.

ज्यांनी फक्त मोबाइलवर पूल खेळलाय त्यांच्यासाठी थोडं थांबतो. बिलियर्ड्स आणि स्नूकर एकाच टेबलावर खेळतात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. स्नूकरमध्ये बावीस चेंडू. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. प्रत्येक लालनंतर काळा घातला तर १५ गुणिले ८ म्हणजे १२०, आणि शेवटी सहा रंगांचे २७. म्हणून परफेक्ट ब्रेक १४७. बिलियर्ड्समध्ये चेंडू फक्त तीन. तुमचा चेंडू दुसऱ्या दोघांना लागला की कॅननचे दोन गुण. चेंडू पॉकेटमध्ये घातला किंवा त्याला लागून तुमचा चेंडू आत गेला की दोन किंवा तीन. हे टेबल कधी रिकामं होत नाही. चुकेपर्यंत खेळत राहायचं. शंभर, दोनशे, चारशे. स्नूकर म्हणजे कोडं सोडवणं, बिलियर्ड्स म्हणजे विलंबित ख्याल. कोरिओलिस हे नाव आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये रट्टा मारून पाठ केलं. त्या माणसाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. ते आधी कळलं असतं तर निदान तो चॅप्टर तरी मी आवडीने वाचला असता.

तर १९५८, कोलकाता. जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा. इंग्लंडचा लेस्ली ड्रिफिल्ड याने १९५२ साली याच शहरात विजेतेपद जिंकलं होतं. ऑस्ट्रेलियाचा टॉम क्लिअरी १९५४चा विजेता. त्या पिढीच्या या सगळ्या दादा लोकांच्या काळात जोन्सने स्पर्धा जिंकली, ड्रिफिल्ड दुसरा आला. सहा वर्षांनी, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये, त्याने पुन्हा जिंकली. अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६५ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे सरकारने अगदीच दुर्लक्ष केलं असं नाही. दुर्लक्ष लोकांनी केलं, आणि त्यालाही कारण होतं. हा खेळ लोकांना दिसतच नव्हता. क्रिकेट मैदानावर होतं, कुस्ती आखाड्यात. बिलियर्ड्स बंद दारामागे, आणि त्या दारावर ‘ओन्ली मेंबर्स’.

‘हौशी’ या शब्दावर इथे अडखळायला होतं. आपण मराठीत हौशी म्हणतो तेव्हा हौशी नाट्यसंस्था आठवते: ऑफिस सुटल्यावर तालीम, स्वतःच्या खिशातून भाडं. बिलियर्ड्समध्ये नेमकं तेच होतं, फक्त स्टेज जागतिक. विश्वविजेता झाला तरी माणूस हौशी. त्याने नोकरी करायची, संध्याकाळी सराव करायचा, रजा टाकून स्पर्धेला जायचं. मायकेल फरेराचं बघा. मुंबईचा, पंधराव्या वर्षाच्या सुमारास कॅथलिक जिमखान्यात क्यू धरला, पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात कायदा शिकला. १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा हौशी विश्वविजेता. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ११४९चा ब्रेक केला. एकदा टेबलावर आल्यावर, चेंडू न हुकवता, अकराशे एकोणपन्नास. हौशी खेळाडूंमध्ये हजारापुढे गेलेला तो पहिला.

त्यालाच १९८१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याने ती नाकारली. त्याचं म्हणणं असं की क्रिकेटमधल्या कामगिरीसाठी सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळतं, मग विश्वविजेत्याला पद्मश्री का? तेव्हा बऱ्याच जणांना हा उद्धटपणा वाटला. मला तो मुद्दा आजही बरोबर वाटतो. तो स्वतःची किंमत वाढवून मागत नव्हता, खेळाखेळांत सरकार कोणता तराजू वापरतं ते विचारत होता. १९८३ साली त्याला पद्मभूषण मिळालं.

मुंबईतली पुढची नावं घाईने घेतो. १९७३ची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा मुंबईत झाली आणि ती श्रीलंकेचा लाफिर जिंकला. यासिन मर्चंट १९८९ आणि २००१ असा दोनदा आशियाई स्नूकर विजेता. आदित्य मेहताने २०१३ साली वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये फायनल गाठली. तिथे चीनच्या डिंग जुनह्वीने त्याला हरवलं. आणि पंकज अडवाणीला बंगळुरूचा म्हणून ओळखतात, पण त्याचा जन्म पुण्यातला, १९८५चा. पहिला विश्वविजेता आणि सर्वाधिक विश्वविजेतेपदं मिळवणारा भारतीय, दोघांचं जन्मगाव एकच. पुणेकरांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर त्यांनी आपल्याला ऐकवलंच असतं.

पण शिखरांवर थांबलं की या खेळाचा मोठा भाग निसटतो. तो भाग म्हणजे लीग. इंटर-क्लब, इंटर-ऑफिस, रविवारच्या पार्लर लीगा.

पुण्यात आमच्या पार्लरमध्ये एक काका येतात. बँकेतून निवृत्त. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, शिकवत नाहीत तरी. ऐंशीच्या दशकात ते मुंबईत होते आणि बँकेच्या टीमकडून खेळायचे. दोन तुकड्यांचा क्यू काळ्या पेटीत घालून लोकलने जायचे. गर्दीत कोणी विचारायचं, बासरी आहे का? कोणी विचारायचं, बंदूक? मॅच संध्याकाळी साडेसहाला. वेळेवर पोचायचं तर साडेपाचला खुर्ची सोडायला हवी, म्हणजे दुपारचा चहा न घेता लेजर संपवायचं. क्लबाच्या दारात पायांकडे बघितलं जायचं. चप्पल चालत नसे, म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बुटांचा एक जोड कायमचा ठेवलेला. त्यांच्या टीममध्ये एक साहेब, दोन क्लार्क आणि एक शिपाई होता. सरांच्या मते सगळ्यांत चांगला हात शिपायाचा, कारण त्याचा भाऊ मार्कर.

लीगमध्ये हँडिकॅप असतो. कच्च्या खेळाडूला प्रत्येक फ्रेमला वीस-तीस गुण आधीच देऊन टाकायचे. सर सांगतात, पहिल्या सीझनला त्यांना तीस गुण मिळायचे. चौथ्या सीझनला ते समोरच्याला वीस देत होते. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रमोशनबद्दल बोलताना तो तसा होत नाही. त्यांचा मॅचमधला सर्वांत मोठा ब्रेक ८६. शतकाला चौदा कमी. शेवटचा पिंक कसा जबड्यात हलून बाहेर राहिला, ते टेबलावर चेंडू मांडून दाखवतात. मी तो पिंक निदान सहा वेळा हुकताना पाहिलाय.

राज्याच्या निवड चाचणीच्या वर्षी त्यांची बदली झाली. तालुक्याच्या गावी. तिथे टेबल नव्हतं. बस, एवढंच. अकरा वर्षांनी पुण्याला परत आले तेव्हा हात गेलेला होता, डोळ्यांना चाळिशी लागलेली. (चष्मा लावून स्नूकर खेळणं किती अवघड ते चष्मेवाल्यांनाच कळेल. खाली वाकलं की फ्रेमची वरची कड नेमकी चेंडूवर येते.) मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, तिथे कॅरम खेळलो, तालुक्यात पहिला आलो.

त्यांच्या गोष्टीत खलनायक नाही, हेच मला जास्त बोचतं. बदली नियमाने झाली. क्लबाचा नियम क्लबाच्या घटनेत होता. टेबलाची किंमत आणि वजन भौतिकशास्त्रात होतं. गुणी माणूस आणि खेळ यांच्यामध्ये उभं राहायला कोणी दुष्ट लागत नाही, बारा बाय सहाची एक वस्तू नसली की पुरतं.

नव्वदच्या दशकानंतर पार्लरं आली आणि दारावरची मेंबरशिप संपली. आता तासाचे पैसे मोजा आणि खेळा. आणि आपल्याकडची जुनी रीत अशी की जो हरला त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. ही रीत वरवर निरागस दिसते, पण ती कच्च्या खेळाडूवरचा टॅक्स आहे. शिकणाराच हरतो, म्हणजे शिकणाराच भरतो. लीगचा हँडिकॅप नेमका उलट वागायचा, तो कच्च्याला टेबलावर टिकवून धरायचा. शिवाय पार्लरला बदनामीही चिकटली. हिंदी सिनेमातला स्मगलर सिल्कचा गाऊन घालून बिलियर्ड्स टेबलाशीच उभा असायचा, तर आईवडिलांना दुसरं काय वाटणार? माझ्या घरी अजून मी ‘टेबल टेनिस खेळायला जातो’ असाच समज आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.

आशियाई खेळांत क्यू स्पोर्ट्स १९९८ ते २०१० या काळात होते. १९९८ला बँकॉकमध्ये अशोक शांडिल्य आणि गीत सेठी यांनी बिलियर्ड्समध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिलं. २०१०नंतर हा खेळ तिथून वगळला गेला आणि ऑलिंपिकमध्ये तो कधी नव्हताच. याचा अर्थ छोट्या शहरातल्या मुलासाठी फार व्यवहारी आहे: पदकच नाही, तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळवण्याची वाटही अरुंद होते. म्हणून आज गोंदियाचा एखादा चांगला हात या खेळात आला तर तो पुन्हा जोन्सच्याच जागी उभा राहील, आधी पोट, मग टेबल.

जोन्सने खेळ थांबवल्यावर शिकवायला घेतलं. फरेरा, ओम अगरवाल (१९८४चा हौशी स्नूकर विश्वविजेता), शांडिल्य अशा अनेकांना त्याचा हात लागला. १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत तो गेला. ब्रेबर्न स्टेडियमवरच्या क्रिकेट क्लबातल्या बिलियर्ड्स हॉलला त्याचं नाव आहे.

जबलपूर-गोंदिया मार्गाचं आता ब्रॉडगेज झालंय. मागच्या दिवाळीत सरांना मी नकाशावर तो मार्ग दाखवला, स्नूकर कुठे जन्मलं ते दाखवलं, आणि खाली कामठा दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. मग म्हणाले, मला ज्या गावी बदली दिली होती ते इथून लांब नाही, आणि खडू लावून पिंक परत स्पॉटवर ठेवला.